नाव सोडून सगळं

मध्ययुगीन इंग्रजी धार्मिक कवितेत व्यभिचाराच्या पापाकडे कसं बघितलं जातं, या विषयावर नंदिनी बर्लिनमध्ये पीएचडी करणार, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुमारच्या स्नेहलतामावशींनी हातातली वाटी खाली ठेवली होती. "आणि यावर नोकरी कोण देणार गं?" एवढंच त्यांनी विचारलं. नंदिनीचं उत्तर तयार होतं. "पापं सगळीकडे सारखीच असतात मावशी, तिथली लायब्ररी तेवढी चांगली आहे." मावशी हसल्या, कुमार हसला, कोथरूडच्या त्या हॉलमध्ये बसलेले सगळेच हसले. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता तोच विनोद कुणी केला तर नंदिनी विषय बदलते.

कारण पाप तिने केलं होतं. आडपडदा कशाला ठेवायचा, अगदी प्रबंधाच्या विषयात बसेल असंच केलं होतं. दोनदा. एकदा डिसेंबरात आणि एकदा जानेवारीत, आणि दोन्ही वेळा याच घरात, चौथ्या मजल्यावरच्या या दीड खोलीच्या भाड्याच्या घरात.

तिचा नवरा कुमार न्युरेम्बर्गला असतो. तिथे एका मोठ्या कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्याच्या कामात चूक नेमकी कुठे आहे हे शोधून काढायचं, हाच त्याचा दिवसभराचा उद्योग, आणि त्यात तो पटाईत आहे. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी तो सकाळच्या गाडीने बर्लिनला यायचा, येताना तिथल्या इंडियन स्टोअरमधून कढीपत्ता आणायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. स्वभावाने सरळ माणूस. नंदिनी कवितेबद्दल बोलायला लागली की दहाव्या मिनिटाला त्याचे डोळे मिटायला लागत. पण तिच्या घराचं कपाट चार मजले वर चढवायचं होतं तेव्हा हाच रात्रीची गाडी पकडून आला होता, आणि सोबतीला त्याने मल्हारला बोलावलं होतं.

मल्हार म्हणजे कुमारचा कॉलेजपासूनचा मित्र, होस्टेलच्या एकाच खोलीत चार वर्षं राहिलेले दोघे. तो बर्लिनमध्येच एका स्टार्टअपमध्ये आहे. "काही लागलं तर मल्हारला सांग," असं कुमारनेच नंदिनीला बजावून ठेवलेलं. त्यामुळे बल्ब बदलायला मल्हार, सायकलची चेन बसवायला मल्हार, आणि दर गुरुवारी आमटीभात खायलाही मल्हारच. गेल्या वर्षी कुमारने त्याच्यासाठी स्थळही सुचवलं, तेसुद्धा घरचंच: स्नेहलतामावशींची मुलगी ईप्सिता. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता दोघांचं असं काही जुळलं की मावशीच म्हणाल्या, आता वाट कशाला बघायची. जूनमध्ये साखरपुडा ठरला होता.

एवढं माहीत असलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

नंदिनीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण एका लांबलचक पद्यावर होतं. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. खेड्यापाड्यातल्या कमी शिकलेल्या पाद्र्यांना लोकांची कबुली कशी ऐकावी हे शिकवायला कुणा जाणत्याने ते यमकं जुळवून लिहिलेलं, म्हणजे पाठ करायला बरं. बाकीच्या पापांना तो दहा-दहा ओळी देतो. या एका पापाला दोनशे. कुठे केलंस, कधी, किती वेळा, सणाच्या दिवशी की उपासाच्या, कशाच्या निमित्ताने, नंतर आठवून सुख वाटलं का, सगळं विचारायचं आणि पापी माणसाने सगळं सांगायचं. एक बारीकसा तपशील लपवला तरी कबुली फुकट. फक्त एक गोष्ट सांगायची नाही, ती म्हणजे दुसऱ्याचं नाव. चोरी एकट्याने करता येते, खोटं एकट्याने बोलता येतं, पण हे पाप दोघांचं असतं आणि कबुली मात्र एकट्याची. म्हणून आपलं तेवढं ओझं उतरवावं, दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणू नये, असं त्या कवीचं म्हणणं.

नंदिनीला हा नियम फार आवडला होता. एरवी बाईच्या देहाबद्दल वाटेल ते बरळणाऱ्या त्या कवितांमध्ये एवढी एकच जागा तिला माणुसकीची वाटली. तिने त्यावर बारा पानं लिहिली. तिच्या गाइड, ब्रांट बाई, शिस्तीच्या. त्यांनी ती पानं वाचली आणि समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: हा नियम नेमकं कोणाला वाचवतो? उत्तर द्यायचं नंदिनीने आजवर टाळलं होतं.

मग आला करफ्रायटाग, म्हणजे आपला गुड फ्रायडे. दुकानं बंद, रस्ते गप्प. चार दिवस सुट्टी म्हणून कुमार गुरुवारीच आलेला. त्या काळच्या इंग्लंडात ईस्टरच्या आधी वर्षातून एकदा कबुली द्यावीच लागे. नंदिनी काही ख्रिश्चन नव्हे, ती संकष्टी करते तीही साबुदाणा मिळाला तर. पण माणूस दिवसरात्र ज्याच्यात बुडालेला असतो ते त्याच्या अंगात भिनतंच. कुमार खिडकीपाशी बसून मोसंबं सोलत होता. त्याने तिला अर्धं देऊ केलं, आणि तिला ते घेववेना.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली, आणि सांगितलं.

कुमार ओरडला नाही. त्याने हातातल्या साली गोळा करून ठेवल्या, आणि मग एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. आणि इथेच बाईसाहेब चुकल्या. दुसरी कुणी असती तर रडली असती, पाया पडली असती, "विचारू नकोस" म्हणाली असती. नंदिनीने मात्र प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, त्या पद्यात सांगितलं आहे तसं, काही न लपवता. कुठे? इथेच. कधी? डिसेंबरात दुसऱ्या आठवड्यात, तुझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं आणि तू आला नाहीस तेव्हा. आणि पुन्हा जानेवारीत. कशाच्या निमित्ताने? जेवायला आला होता. आपल्याकडचा? हो, मराठी. मी ओळखतो? हो. रात्री राहिला? नाही, परत गेला.

"कोण?" कुमारने विचारलं.

"नाव नाही सांगणार. माझं जे आहे ते मी सगळं सांगितलं. त्याचं सांगायचा मला हक्क नाही."

हे बोलताना तिला स्वतःबद्दल जरा बरंच वाटलं होतं, हे सांगायलाच हवं. त्या रात्री तिला चार महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. कुमार सोफ्यावर बसून होता. त्यानंतर त्याची झोप जी उडाली ती उडालीच.

तरीही तो येत राहिला. एप्रिलभर आला. कढीपत्ता आणला, कुकर लावला, झोपला मात्र सोफ्यावरच, गुडघे पोटाशी घेऊन, कारण तो सोफा त्याच्या उंचीला पुरत नाही. नंदिनीला दर वेळी वाटायचं की हा आज शेवटचं सांगून टाकणार, आणि दर वेळी तो काहीच म्हणायचा नाही. फक्त रविवारी निघताना, बूट घालता घालता, एकदा विचारायचा: "नाव?" ती मान हलवायची. तो दार लावून घ्यायचा.

आणि मल्हार गुरुवारी येईनासा झाला. "कामात आहे बहुतेक," असं नंदिनीने स्वतःला सांगितलं. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण मल्हारसमोर हसून बोलणं तिला आता जड जायचं. कुमारचा मित्र तो, आणि आपण त्याच्या मित्राला फसवलेलं. त्यापलीकडे तिने विचारच केला नाही.

मेमधल्या दुसऱ्या रविवारी दुपारी कुमार तांदूळ निवडत बसला होता. इथल्या पाकिटातल्या तांदळात निवडायला काही नसतं, पण हाताला चाळा. नंदिनी कपडे घडी करत होती. खाली न बघता तो म्हणाला, "मावशीला फोन केला काल. म्हटलं, मल्हारचं स्थळ नको. साखरपुडा थांबव."

नंदिनीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "का?"

"का काय? तुला माहितीये का ते."

"कुमार, मला खरंच माहीत नाही."

मग तो तिच्याकडे बघून बोलायला लागला, हळू आवाजात, ऑफिसात रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. "तूच सांगितलंस. मराठी. माझ्या ओळखीचा. जेवायला येतो. रात्री परत जातो, म्हणजे बर्लिनमध्येच राहतो. मी नाही हे ज्याला माहीत असतं. मी चार जणांची यादी केली होती, नंदिनी. एकेक खोडत गेलो. उरला कोण?"

तिला क्षणभर काही कळेचना, आणि मग सगळं एकदम कळलं. तिने नाव सोडून सगळं सांगितलं होतं, आणि ज्याचा धंदाच चूक हुडकून काढण्याचा, त्याने ते सगळं पदरात घेऊन महिनाभर जुळवत बसून भलत्याच माणसाला गाठलं होतं.

"मल्हार नाही," ती म्हणाली. "देवाशपथ, मल्हार नाही."

"मग कोण?"

ती टॉवेलची घडी घालायला लागली.

"बघ." कुमारने ताटली बाजूला ठेवली. "तो असता तरी तू हेच म्हणाली असतीस."

"मावशींना काय सांगितलंस?"

"कारण नाही सांगितलं. एवढंच म्हटलं की माझ्यावर विश्वास असेल तर विचारू नकोस. ती रडली. ईप्सिताने दहा मेसेज केलेत, मी उघडले नाहीत. त्यानेही केलेत, महिना झाला, त्याचा फोनही मी घेत नाहीये. चार वर्षं एका ताटात जेवलोय मी त्याच्याबरोबर. माझ्या बाबांना अ‍ॅडमिट केलं होतं तेव्हा रात्रभर तो बसला होता, मी नाही. मला तुझ्यापेक्षा त्याचा जास्त त्रास झालाय, सांगू?"

नंदिनीला बसवेना. बिचारा मल्हार. गेला महिनाभर तो मित्राला मेसेज करत असेल, काय चुकलं रे माझं म्हणून विचारत असेल, आणि इकडे ही घरात बसून एका मेलेल्या कवीच्या माणुसकीवर बारा पानं खरडतेय. पेन्सिलीने लिहिलेला तो प्रश्न तिला आठवला, आणि त्याचं उत्तर तिला पहिल्यापासून ठाऊक होतं हेही तिच्या लक्षात आलं. नाव सांगितलं नाही तोवर तिचं पाप कुठेतरी लांब, बिनचेहऱ्याचं राहत होतं. नाव सांगितलं की कुमारला चेहरा दिसणार, आवाज ऐकू येणार, याच टेबलाशी बसून हसलेला माणूस दिसणार. ते तिला नको होतं. दुसऱ्याची अब्रू वगैरे सगळं नंतरचं.

"मी बाटल्या टाकून येते," ती म्हणाली.

"रविवार आहे," कुमार म्हणाला. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत, आवाज होतो, असं घराच्या नियमावलीत लिहिलेलं आहे आणि तळमजल्यावरच्या बाई ते पाळून घेतात. नंदिनी तरीही पिशवी उचलून चार मजले उतरली. मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेपाशी उभं राहून तिने हृषिकेशला फोन लावला.

हृषिकेश कार्ल्सरूहेला असतो, तिथल्या विद्यापीठात संशोधन करतो. दोन वर्षांपूर्वी तिथल्या गणपतीत ओळख झाली, कुमारचीही आणि नंदिनीचीही. त्याची बायको ऊर्मिला नंदिनीला ताई म्हणते. डिसेंबरात हृषिकेशची बर्लिनमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा होती, तेव्हा ऊर्मिलानेच फोन करून सांगितलं होतं, "ताई, याला एकदा जेवायला बोलवा ना, ब्रेड खाऊन वैतागतो." सोबत डब्यातून मेतकूट पाठवलं होतं. तो जेवला, आणि मग नंदिनीला तिच्या कवितांबद्दल विचारत बसला. दोन तास विचारत बसला, एकदाही डोळे न मिटता. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण नंदिनीला आजही सापडलेलं नाही. त्या रात्री उशिरा तो त्याच्या हॉटेलात परत गेला, आणि जानेवारीत कामाचं निमित्त काढून पुन्हा आला. मेतकुटाचा डबा अजून तिच्या फडताळात आहे, तिला तो ना उघडवत ना टाकवत.

"काय झालं?" हृषिकेशने दबक्या आवाजात विचारलं. मागे बागेत खेळणाऱ्या मुलांचा गलका होता.

तिने थोडक्यात सांगितलं. शेवटी म्हणाली, "तू स्वतः कुमारला फोन कर. तू सांगितलंस तर मला तुझं नाव घ्यावं लागणार नाही."

"वेडी आहेस का तू?"

"एका निरपराध माणसाचं लग्न मोडतंय."

"आल्झो, हे बघ नंदिनी, नीट ऐक." तो जरा बाजूला गेला असावा, गलका कमी झाला. "त्याचं लग्न अजून व्हायचंय. हे मोडलं तर दुसरं जमेल, वर्षभरात विसरेल तो. माझं झालेलं आहे. मला मुलगी आहे. तू म्हणाली होतीस ना, नाव घ्यायचं नाही हा नियम आहे म्हणून? मग पाळ ना."

तिच्याच तोंडची गोष्ट त्याने तिच्यासमोर धरली, आणि ती तिला शिळ्या अन्नासारखी वाटली. याच माणसाला आपण शहाणा समजलो, हे मनात येऊन तिला स्वतःची शिसारी आली. पण त्याच वेळी पलीकडून त्याची पाच वर्षांची मुलगी अन्वी ओरडली, "पापा, गुक माल!" बघ ना बाबा, मी किती वर चढले ते बघ. आणि तो म्हणाला, "हो, हो, बघतोय." त्या पोरीचा काय दोष होता? मल्हारचा तरी काय होता? कोणालाही वाचवलं तरी दुसरं कोणीतरी बुडणार होतं, आणि त्या सगळ्यांना एका होडीत बसवलं होतं ते नंदिनीनेच.

"मी सांगणार आहे," ती म्हणाली. "ऊर्मिलाला तू आज सांगितलंस तर तुझ्या तोंडून तरी कळेल."

त्याने फोन बंद केला. बाटल्या न टाकता ती तशाच घेऊन वर आली, चौथ्या मजल्यापर्यंत त्या पिशवीत वाजत होत्या.

कुमारने कुकर लावला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हृषिकेश. कार्ल्सरूहेचा."

त्याला नाव कळायला वेळ लागला नाही, पटायला लागला. "ऊर्मिलाचा हृषिकेश?"

"हो. कार्यशाळेला आला होता. हॉटेलात उतरला होता, म्हणून रात्री परत गेला."

"त्या अन्वीचा बाबा."

"हो."

त्याने गॅस बारीक केला. शिट्टी झाली नव्हती अजून. तो सिंकमध्ये हात धूत राहिला, आणि त्याची पाठ तिच्याकडे होती. नंदिनीला वाटलं, आता हा विचारेल, की तोच का, त्याच्यात काय होतं. काय सांगायचं याची तिने तयारीही केली. पण तो पुसट आवाजात म्हणाला, "मल्हार दर गुरुवारी आमटीभात खायचा गं. तेवढ्यावरून मी."

"माझ्यामुळे."

"नाही. तू नाव नाही सांगितलंस ते तुझं. पण त्याच्यावर संशय घेतला तो मी. मी विचारायला हवं होतं त्याला. एकदा तरी." त्याने टॉवेलला हात पुसले आणि फोन घेतला. नंदिनी आत जायला निघाली तर तो म्हणाला, "थांब. इथेच थांब."

पहिला फोन पुण्याला. "अगं मावशी, मी कुमार. ऐक, काल जे बोललो ते चुकीचं होतं. ... नाही, काही कळलं वगैरे नाही. मीच गैरसमज करून घेतला होता. ... कोणी नाही गं सांगितलं, माझंच डोकं फिरलं. ... हो, बोल, बोल मला काय बोलायचं ते. मल्हारसारखा मुलगा तुला शोधून सापडायचा नाही. ... ईप्सिताची मी माफी मागतो, तिला दे." मग ईप्सिताशी बोलला. ती बहुधा काहीच न बोलता रडत होती, कारण हाच नुसता "सॉरी गं, सॉरी" म्हणत होता.

मग त्याने दुसरा फोन लावला. मल्हारने पहिल्याच रिंगला उचलला. फोन टेबलावर ठेवून कुमारने स्पीकर लावला आणि स्वतः खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मल्ह्या, माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी तुझ्याबद्दल घाणेरडा विचार केला. महिनाभर करत होतो. तुझा फोन घेतला नाही, आणि काल मावशीला सांगून तुझं लग्न मोडायला निघालो होतो. आत्ता परत सांगितलंय तिला. साखरपुडा ठरल्याप्रमाणे आहे."

मग मल्हार म्हणाला, "कसला विचार?"

"घाणेरडा. तो सांगायची लाज वाटते मला."

"कुणी काही सांगितलं का तुला माझ्याबद्दल? नाव सांग फक्त."

कुमारने नंदिनीकडे पाहिलं नाही. "कोणी नाही," तो म्हणाला. "माझ्याच डोक्यात आलं. कधी आलं, किती दिवस होतं, त्यातून मी काय काय केलं, ते सगळं मी तुला भेटून सांगेन. पण दुसऱ्या कुणाचा यात काही संबंध नाही. मारायचं तर मला मार."

त्या पद्यातली एक ओळही कुमारने आयुष्यात ऐकली नव्हती. नंदिनी सांगायची तेव्हा तो पेंगायचा. आणि आज तिच्या डोळ्यांसमोर त्याने कबुली दिली, सगळा दोष स्वतःकडे घेऊन, आणि तिचं नाव ओठांवर येऊ दिलं नाही. तिने बारा पानांत जे मांडलं होतं ते असं दिसतं, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. तिने नाव झाकलं होतं ते स्वतःसाठी. हा झाकत होता तिच्यासाठी, आणि त्याने तिच्यासाठी काही करावं असं तिने काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

मल्हार हसला, रडवेला हसला. "साल्या. महिनाभर झोपलो नाहीये मी. तुला कॅन्सर-बिन्सर झालाय की काय, इथवर गेलो होतो." मग म्हणाला, "वहिनी आहे का तिथे? दे जरा."

कुमारने फोन तिच्याकडे सरकवला.

"वहिनी," मल्हार म्हणाला, "थँक यू हं. मला माहितीये, हा आपणहून असा फोन करणारा नाही. तूच समजावलं असणार त्याला. तू होतीस म्हणून."

कुकरची शिट्टी झाली. कुमार गॅस बंद करायला गेला आणि तिथेच ओट्याला टेकून उभा राहिला. तो आता तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ती काय म्हणते याची तो नुसती वाट बघत होता.

"नाही रे," नंदिनी म्हणाली. "नाही मल्हार, माझे आभार मानू नकोस. त्याचं त्यालाच कळलं."

"बरं बरं, नको मानू देऊस," मल्हार म्हणाला. "गुरुवारी येऊ ना मग आमटीभाताला?"

तिने कुमारकडे पाहिलं. तो फडताळातून ताटं काढत होता. मेतकुटाचा डबा त्याच्या हाताला लागला, त्याने तो उचलून झाकणावरचं ऊर्मिलाचं अक्षर वाचलं आणि परत जागेवर ठेवला. मग त्याने ताटं मांडली, दोन.

"ये," ती म्हणाली.